हडसनकाठचे शनिवार

वेस्ट पॉइंटच्या लष्करी अ‍ॅकॅडमीचा फुटबॉल सामना दुपारी बाराला असला तरी आम्ही घरून सातच्या आत निघतो. बीकनच्या बाजूनं हडसन ओलांडायची, न्यूबर्गहून दक्षिणेला वळायचं, फाटकावर पहारेकऱ्याला ओळखपत्र दाखवायचं, गाडी लांब कुठंतरी लावून बसनं वर जायचं. या सगळ्याला वेळ लागतो. फक्त खेळ बघायला येणाऱ्याला तो वाया गेल्यासारखा वाटेल. पण इथल्या शनिवारची सुरुवात स्टेडियमात होत नाही. ती खाली नदीच्या वळणावर, 'द प्लेन' नावाच्या हिरव्या सपाट मैदानावर होते. किकऑफच्या साधारण तीन तास आधी तिथं कॅडेटांचं संचलन असतं. बराकींच्या कमानींतून करड्या डगल्यातल्या तुकड्या एकामागून एक बाहेर पडतात, बँडचा ठेका दगडी भिंतींवर आपटून परत येतो, आणि कडेला उभी राहिलेली आईबापं मान उंच करकरून आपलं लेकरू शोधतात. सगळ्यांच्या टोप्या सारख्या, चाल सारखी, चेहरे सारखेच करारी. तरी आईला ते सापडतंच. "तिसऱ्या रांगेत, डावीकडून दुसरा!" असं शेजारच्या अनोळखी बाईला सांगताना त्या माउलीचा आवाज कापत असतो.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. आमच्या भागात घरटी एक माणूस पलटणीत, असं म्हणतात, आणि ते फारसं खोटं नाही. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. बेळगावचं सेंटर, काळी पत्र्याची ट्रंक, वार्षिक रजा आणि त्या रजेचा शेवटचा दिवस, हे सगळं आमच्या घरात इतकं नेहमीचं होतं की त्याबद्दल वेगळं बोललं जायचं नाही. १९९८ मध्ये लग्न होऊन मी हडसनच्या खोऱ्यात आले. शेजारी एक निवृत्त कर्नल राहत होते. वेस्ट पॉइंटचेच पदवीधर, व्हिएतनामला जाऊन आलेले. त्यांच्या पत्नीला थंडी सोसेनाशी झाली आणि त्यांच्या दोन सीझन तिकिटांपैकी एक माझ्या वाट्याला आलं. कर्नलनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की खेळ समजला नाही तरी चालेल, पण कॅडेट उभे आहेत तोवर आपण कंटाळायचं नाही.

मिची स्टेडियम टेकडीवर आहे. एका अंगाला लस्क तलाव, त्याच्या पलीकडं झाडांच्या वर निघालेला कॅडेट चॅपलचा दगडी मनोरा. ऑक्टोबरात मेपलची पानं पेटतात तेव्हा पाण्यातही तो रंग उतरतो. अमेरिकेतली क्रीडा मासिकं या जागेला देशातल्या सर्वांत देखण्या मैदानांत का धरतात, ते तिथं पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. सामन्याचा चेंडू आकाशातून येतो: कॅडेटांच्या पॅराशूट संघातला एखादा तो घेऊन मैदानाच्या मधोमध उतरतो. आर्मीनं, म्हणजे अ‍ॅकॅडमीच्या संघानं, गुण मिळवला की तोफ उडते आणि तिचा आवाज डोंगरांत घुमत राहतो. मग चिअरलीडरांबरोबर कॅडेट जोर काढतात. फळ्यावर जितके गुण, तितके जोर. सात झाले की सात, पुढं चौदा झाले की चौदा. संघ फार जोरात असला की या पोरांची दमछाक व्हायची वेळ येते, आणि त्या दमछाकीसारखा आनंद नाही.

स्टेडियमला नाव आहे डेनिस मिची यांचं. हे नाव मला कर्नलनी समजावून सांगितलं. आजही कुणी नवा पाहुणा सोबत आला की मी आधी तेच सांगते. १८९० मध्ये मिची स्वतः इथं कॅडेट होते, आणि त्यांचे वडील इथंच प्राध्यापक. अ‍ॅकॅडमीत फुटबॉलचा संघ नव्हता. अ‍ॅनापोलिसच्या नौदल अ‍ॅकॅडमीकडून आव्हान आलं तर ते नाकारणं लष्कराला जड जाईल, हे ओळखून मिची यांनी ते आव्हान येईल अशी तजवीज केली, आणि मग वडिलांमार्फत परवानगी मिळवली. नेव्हीच्या प्रवासखर्चाचा अर्धा वाटा उचलायचा होता. २७१ कॅडेटांनी प्रत्येकी ५२ सेंट काढले. २९ नोव्हेंबर १८९० ला त्याच 'द प्लेन'वर सामना झाला. खेळ जेमतेम शिकलेली ही पोरं, त्यांचा प्रशिक्षक आणि कर्णधार मिचीच. नेव्हीनं २४-० असं हरवलं. पुढच्या वर्षी आर्मीनं अ‍ॅनापोलिसला जाऊन परतफेड केली. आठच वर्षांनी, जुलै १८९८ मध्ये, स्पेनबरोबरच्या युद्धात क्यूबातल्या सान हुआनजवळ कॅप्टन मिची गोळी लागून पडले. वय अठ्ठावीस. १९२४ मध्ये स्टेडियम उभं राहिलं तेव्हा त्याला त्यांचं नाव दिलं गेलं. म्हणजे ज्यानं इथं खेळ आणला, तोच रणात गेला, आणि त्याच्या नावाच्या छपराखाली, खरं तर उघड्या आभाळाखाली, आम्ही हॉट चॉकलेट पीत बसतो. ही जागा तेव्हापासून अशीच आहे. इथं खेळ आणि पुढचं आयुष्य यांच्यामध्ये भिंत नाही.

एका ऑक्टोबरात आबा, म्हणजे माझे वडील, सातार्‍याहून आले होते. त्यांना न्यूयॉर्कच्या उंच इमारतींत फारसा रस वाटला नाही. वेस्ट पॉइंटला मात्र ते इस्त्रीची पँट, कोट आणि रेजिमेंटचा टाय लावून निघाले. संचलन सुरू झालं आणि त्यांची पाठ आपोआप ताठ झाली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हात खांद्यापर्यंत येत न्हाई ह्यांचा." खरंच होतं. आपल्याकडं संचलनात हात खांद्याच्या रेषेत वर येतो. अमेरिकन कवायतीत तो नऊ इंच पुढं आणि सहा इंच मागं, एवढाच हलतो. मी कर्नलना ते इंग्रजीत सांगितलं. दोघांनी एकमेकांकडं पाहून मान हलवली आणि तिथून पुढं त्यांना माझी फारशी गरज उरली नाही. "पण रांग बघ," आबा म्हणाले, "सुतात हाय."

स्टेडियमात त्यांचा पहिला प्रश्न होता, "ही पोरं बसत न्हाईत व्हय?" नाही, बसत नाहीत. चार हजारांवर कॅडेट, मुलं आणि मुलीही, सामना संपेपर्यंत उभे असतात. पाऊस असो, बर्फ असो, फळ्यावर काहीही असो. "मग ठीक हाय," आबा म्हणाले, आणि पहिला क्वार्टर संपेपर्यंत स्वतःही उभे राहिले.

अमेरिकन फुटबॉलचे नियम त्यांना मी थोडक्यात सांगितले: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं, गेलात की पुन्हा चार प्रयत्न. त्यांनी ते पकडलं आणि लगेच विचारलं, आपली पोरं समोरच्यापेक्षा बारकी का? या एका प्रश्नात आर्मीच्या फुटबॉलचं सगळं मर्म आहे. मोठ्या विद्यापीठांच्या संघांत लाइनमन म्हणजे तीनशे पौंडांच्या वरचे पहाड. इथल्या पोराला मात्र पदवी मिळाल्यावर लष्कराच्या वजनाच्या निकषात बसायचं असतं, आणि किमान पाच वर्षं सेवेत काढायची असतात. ज्याला व्यावसायिक लीगची स्वप्नं पडतात असा नामांकित खेळाडू सहसा इकडं वळत नाही. तेव्हा जे आहेत त्यांना घेऊन लढायचं. त्यासाठी कितीतरी वर्षं आर्मी, नेव्ही आणि एअर फोर्स या तिन्ही अ‍ॅकॅडम्यांनी 'ट्रिपल ऑप्शन' जिवापाड जपला. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन वळतो. समोरच्या फळीतला एक माणूस मुद्दाम मोकळा सोडलेला असतो. तो आत धावला की चेंडू स्वतःकडं ठेवायचा. तो थांबला की मधून घुसणाऱ्या फुलबॅकच्या पोटाशी द्यायचा. पुढं आणखी एक आडवा आला की बाजूनं धावणाऱ्याकडं फेकायचा. डोळ्याचं पातं लवायच्या आत हा निर्णय होतो. पास क्वचितच. सगळं पायांवर आणि एकमेकांवरच्या भरवशावर. तीन यार्ड, चार यार्ड, पुन्हा तीन यार्ड. आणि समोरच्या पहाडाला अंगाला अंग भिडवून हलवता येत नाही म्हणून त्याच्या पायांत शिरायचं. ते पाहून आबा उडालेच. "अगं, ह्यानं पट काढला की!" वजनात कमी असलेल्या पैलवानानं जे करायचं तेच ही पोरं करत होती, आणि तालमीत वाढलेल्या माणसाला ते माझ्या आधी दिसलं. हा खेळ मी त्या दिवसापासून वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागले. दूरचित्रवाणीवर लोकांना तो कंटाळवाणा वाटतो. मला नाही वाटत. २०१८ च्या सप्टेंबरात बलाढ्य ओक्लाहोमाच्या घरी जाऊन आर्मीनं साठ मिनिटांतली जवळजवळ पंचेचाळीस मिनिटं चेंडू आपल्याकडं ठेवला आणि सामना जादा वेळेत नेला. हरले २८-२१ असे. पण समोरचा क्वार्टरबॅक कायलर मरे, ज्याला त्याच वर्षी कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइजमन ट्रॉफी मिळाली, तो बहुतेक वेळ बाकावर बसून नुसता बघत होता.

परतताना आबांनी विचारलं, "मंग पुढं ही पोरं कुठल्या टीमकडनं खेळत्यात?"

मी सांगितलं. त्यांनी फक्त "अस्सं" म्हटलं. घरी आल्यावर मात्र हरलेल्या संघातल्या एका पोराच्या दुखावलेल्या गुडघ्याची चौकशी केली. तो पाहुण्या विद्यापीठाचा होता. लष्कराशी त्याचा काही संबंध नव्हता.

या मैदानावर मी वाईट वर्षंही पाहिली, आणि सुरुवातीला तर तीच अधिक. २००३ च्या मोसमात आर्मी तेराच्या तेरा सामने हरली. मोठ्या कॉलेजांच्या फुटबॉलमध्ये तोवर एका मोसमात तेरा पराभव कुणाच्याच वाट्याला आले नव्हते. त्याच वर्षी मार्चमध्ये इराकचं युद्ध सुरू झालं होतं. शेवटच्या वर्षाच्या कॅडेटांना ठाऊक होतं की पुढच्या उन्हाळ्यानंतर आपण कुठं असणार. एका ओल्या दुपारी तिसऱ्या क्वार्टरमध्येच निकाल लागल्यात जमा होता. आमच्या बाजूचे लोक छत्र्या मिटवून उतरायला लागले. समोरचा करडा चौकोन मात्र तसाच उभा होता, ओरडत होता, प्रत्येक तिसऱ्या प्रयत्नाला पाय आपटत होता. मी तेव्हा तिशीतली होते. ती पोरं माझ्या धाकट्या भावाच्या वयाची. एरवी चाहता म्हणून आपल्याला विजय हवा असतो. त्या दुपारी मला विजय हवाच होता, पण त्याहून जास्त वाटत होतं की ही पोरं अशीच, एवढीच, इथंच उभी राहावीत. सामना संपू नये.

कर्नल कार्यक्रमपत्रिका जपून ठेवत. सामन्याच्या दिवशी मिळणारी ती चकचकीत पुस्तिका: मधल्या पानांवर दोन्ही संघांची यादी, क्रमांक, नाव, उंची, वजन, वर्ष, गाव. ओहायोतलं एखादं गाव, टेक्सासमधलं, जॉर्जियातलं. एकदा थंडीत त्यांच्या तळघरात गेले असताना त्यांनी मला ती खोकी दाखवली. प्रत्येक यादीत नावांच्या पुढं बारीक पेन्सिलीनं काही ना काही लिहिलेलं. फोर्ट ब्रॅग. फोर्ट कॅम्पबेल. मोसुल. डॉक्टरकीला गेला. लग्न झालं, मुलगी. बगराम. सेवा सोडली, डेन्व्हर. दुसऱ्या विद्यापीठांचे चाहते आपला खेळाडू कुठल्या व्यावसायिक संघानं उचलला, किती डॉलरला उचलला याचा हिशेब ठेवतात. कर्नलचा हिशेब हा होता. वर्तमानपत्रं, माजी विद्यार्थ्यांचं मासिक, जुन्या दोस्तांची पत्रं, यांतून ते एकेक नाव पुढं नेत. आणि नेव्हीच्या पानावरही खुणा होत्या. २००२ च्या मोसमात नेव्हीकडून खेळलेला रिसीव्हर जे. पी. ब्लेकस्मिथ: त्याच्या नावापुढं 'मरीन्स', आणि मग 'फलुजा, ११ नोव्हेंबर २००४'. आर्मीचा राखीव क्वार्टरबॅक चेस प्रॅस्निकी, २०१० चा पदवीधर: त्याच्यापुढं २०१२ आणि अफगाणिस्तान. या नावांभोवती चौकट नव्हती, काही नव्हतं. बाकीच्यांसारखीच बारीक पेन्सिल.

त्या खोक्यांच्या तळाशी एक जुनं मासिक होतं, १९५५ चं, मुखपृष्ठावर डॉन हॉलेडर. मिची स्टेडियमच्या शेजारी हॉकी आणि बास्केटबॉलसाठी जी मोठी इमारत आहे, ती त्यांच्या नावाची. बहुतेक पाहुणे तिच्यावरून नुसते पुढं जातात. हॉलेडर १९५४ मध्ये देशातले निवडक 'एंड' होते, म्हणजे पास झेलणारे. पुढच्या वर्षी संघाकडं क्वार्टरबॅक उरला नाही, तेव्हा प्रशिक्षक रेड ब्लेक यांनी त्यांना ती जागा घ्यायला सांगितली. जिथं नाव झालं होतं ती जागा सोडून जिथं चुका होणार हे पक्कं होतं तिथं जायचं. ते गेले. वर्तमानपत्रांनी दोघांनाही धारेवर धरलं. मोसमाच्या शेवटी फिलाडेल्फियात त्याच हॉलेडरनी नेव्हीला १४-६ असं हरवणाऱ्या संघाचं नेतृत्व केलं. न्यूयॉर्क जायंट्सनी त्यांची निवड केली होती; त्यांनी लष्कर निवडलं. १७ ऑक्टोबर १९६७ ला व्हिएतनाममध्ये ओंग थान्हच्या लढाईत एक बटालियन घेरली गेली. मेजर हॉलेडर ब्रिगेडचे ऑपरेशन्स ऑफिसर होते. हेलिकॉप्टरमधून उतरून ते जखमींच्या दिशेनं धावत निघाले आणि गोळी लागून गेले. कर्नल त्यांच्याबद्दल बोलताना नेहमी तो क्वार्टरबॅकचा किस्सा आधी सांगत आणि मृत्यूचा नंतर. मला तो क्रम योग्य वाटतो. सांगितलं म्हणून जागा बदलणारा तरुण आधी कळला, तर ओंग थान्हमधली धाव वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

नेव्हीबद्दल अजून फार बोलले नाही, आणि वेस्ट पॉइंटच्या माणसाला हे चालणार नाही. तिथं छपरांवर, भिंतींवर, व्यायामशाळेत, जिथं बघाल तिथं 'बीट नेव्ही' लिहिलेलं असतं. हा सामना सहसा फिलाडेल्फियात होतो, कारण ते दोन्ही अ‍ॅकॅडम्यांच्या साधारण मध्यावर पडतं. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, बाकी कॉलेजांचा नेहमीचा मोसम संपलेला असताना, सगळ्या देशाचं लक्ष या एका खेळाकडं. आधी दोन्ही अ‍ॅकॅडम्यांची सगळी मुलं मैदानावर संचलन करत येतात. मग एक गमतीचा विधी: सत्रभर एकमेकांच्या अ‍ॅकॅडमीत शिकायला गेलेल्या कॅडेटांची आणि मिडशिपमनची 'कैद्यांची अदलाबदल' होते. मैदानाच्या मधोमध दोन्ही गट समोरासमोर येतात आणि आपापल्या बाजूला पळत सुटतात. कोटाच्या आत कधीकधी काहीतरी खोडसाळ मजकूर शिवलेला असतो.

१९६३ चा सामना कर्नलनी कॅडेट म्हणून गॅलरीत उभं राहून पाहिला होता. २२ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. ते स्वतः दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते, आणि हा सामना बघायला आवर्जून यायचे. तो रद्दच होईल असं वाटत होतं; पण केनेडी कुटुंबाच्या इच्छेवरून तो एक आठवडा पुढं ढकलून ७ डिसेंबरला झाला. लाखावर लोक. नेव्हीकडं रॉजर स्टॉबाक, त्या वर्षीचा हाइजमन विजेता; आर्मीकडं रॉली स्टिचवे. दूरचित्रवाणीवर एखादी चाल लगेच पुन्हा दाखवण्याचा पहिला प्रयोग याच सामन्यात झाला, स्टिचवेच्या टचडाउनचा. घरोघरच्या प्रेक्षकांना आर्मीनं पुन्हा गुण मिळवला असं वाटू नये म्हणून समालोचकाला ओरडून सांगावं लागलं. शेवटी नेव्ही २१-१५ नं पुढं, आर्मी दोन यार्डांवर, गॅलरीतल्या गदारोळात संघाला इशारे ऐकू येईनात, आणि घड्याळ संपलं. कर्नल म्हणायचे, आम्ही एवढे ओरडत नसतो तर कदाचित पोरांना ऐकू गेलं असतं. साठ वर्षांनीही त्यांना त्या दोन यार्डांची लांबी हातानं दाखवावीशी वाटते.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती १९४२ ची गोष्ट, जी पाहायला कर्नलसुद्धा नव्हते. युद्धामुळं प्रवासावर निर्बंध होते. सामना अ‍ॅनापोलिसला ठेवला, पण वेस्ट पॉइंटचे कॅडेट तिथं जाऊ शकत नव्हते. तेव्हा आर्मीच्या संघाला कुणी ओरडणारं नसावं हे बरं नव्हे, म्हणून नौदलाच्या खालच्या वर्गांतल्या मिडशिपमनना हुकूम झाला: तुम्ही आर्मीच्या बाजूनं बसा. त्यांनी आर्मीची गाणी आणि घोषणा शिकून घेतल्या आणि त्या म्हटल्या. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, या वैराच्या पोटात काय आहे ते यात आलं.

२००२ ते २०१५ अशी सलग चौदा वर्षं नेव्ही जिंकली. चौदा वर्षं म्हणजे पोरांच्या तीन पिढ्या आल्या आणि नेव्हीला न हरवता गेल्या. माझी मुलगी जन्मली, शाळेत गेली, फुलबॅक आणि स्लॉटबॅकमधला फरक शिकली, आणि तिनं आर्मीला नेव्हीविरुद्ध जिंकताना पाहिलंच नव्हतं. २०१६ ला बाल्टिमोरमध्ये मध्यंतरापर्यंत आर्मी १४-० नं पुढं होती, मग १७-१४ नं मागं पडली, आणि तिनं माझा हात धरला. त्या सप्टेंबरात संघातला ब्रँडन जॅक्सन मोटार अपघातात गेला होता. पोरं तो मोसम त्याच्या नावानं खेळत होती. अहमद ब्रॅडशॉ चेंडू घेऊन नऊ यार्ड धावत शिरला. २१-१७. घड्याळ संपलं आणि करडे ओव्हरकोट कठड्यावरून मैदानात ओतले गेले. कर्नल खुर्चीवर बसून राहिले. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहिलं. लपवण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

दुसऱ्या वर्षी फिलाडेल्फियात बर्फ पडत होता, सामनाभर पडला. आर्मीनं दहाव्या माउंटन डिव्हिजनच्या, बर्फातल्या सैनिकांच्या आठवणीत पांढराशुभ्र गणवेश घातला होता, त्यामुळं आमचे खेळाडू मैदानात विरघळून जायचे. माणूस दिसेना, नुसते काळे आकडे पळत. यार्डांच्या रेषा झाडूनं मोकळ्या करायच्या, दोन मिनिटांत पुन्हा झाकायच्या. नेव्ही १३-७ नं पुढं होती. चौथ्या क्वार्टरमध्ये आर्मीनं एक लांबलचक चाल रचली, तीन यार्ड, चार यार्ड, पुन्हा तीन यार्ड, आणि ब्रॅडशॉ गोलरेषेपलीकडं पोहोचला. १४-१३. मग नेव्हीनं परत मुसंडी मारली. शेवटचे तीन सेकंद उरले होते आणि नेव्हीला फील्ड गोल हवा होता. आधीच्या दोन दंडांमुळं अंतर वाढून अठ्ठेचाळीस यार्ड झालं होतं. किकरनं बुटानं बर्फ बाजूला केला, जिथून मारायचं तेवढी जागा. चेंडू उंच गेला, लांबीला पुरेसा होता, आणि डाव्या खांबाच्या किंचित बाहेरून गेला.

आमच्या बाजूला जे झालं ते सांगायला नको. पण त्या गोंधळात माझी नजर त्या पोरावर होती. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. एका लाथेपुरतं कुणाला ओळखू नये. त्याचे साथीदार त्याच्याभोवती जमले होते, हेल्मेटवर हात ठेवून. आणि मग ते झालं जे या सामन्यात दर वर्षी होतं. जिंकलेल्या संघानं जल्लोष थांबवला आणि दोन्ही संघ मिळून आधी हरलेल्यांच्या गॅलरीपुढं गेले. टोप्या, हेल्मेटं हातात. नेव्हीचं गीत सुरू झालं. पांढऱ्या गणवेशातली आमची पोरं प्रतिस्पर्ध्यांच्या मागं, बर्फात, सरळ उभी. गीत संपल्यावर सगळे मैदान ओलांडून आमच्या बाजूला आले आणि आर्मीचं गीत झालं. आता नेव्हीची पोरं आमच्या पोरांच्या मागं उभी होती. कुणाचं गीत नंतर गायलं जातं, त्यावरून कोण जिंकलं ते कळतं. सामन्याआधी कॅडेट एकमेकांना सांगतात ते हेच, की आज आपण नंतर गायचं. माझ्या मुलीनं दोन्ही गीतं तोंडपाठ केली आहेत. तिनं पहिलंही गायलं, मोठ्यानं, आणि शेजारच्या आर्मीच्या टोपीवाल्या आजोबांनी तिच्याकडं वळून पाहिलं आणि तेही गाऊ लागले.

२०२० ला महासाथीमुळं सामना वेस्ट पॉइंटलाच झाला, १९४३ नंतर पहिल्यांदा, आणि आम्हाला कुणालाच प्रवेश नव्हता. दाट धुक्यात आर्मी १५-० नं जिंकली, मी नदीपलीकडं टीव्हीसमोर. २०२४ च्या डिसेंबरात मिची स्टेडियमवर टुलेनला ३५-१४ हरवून आर्मीनं सव्वाशेहून जास्त वर्षांच्या इतिहासातलं पहिलं कॉन्फरन्स विजेतेपद मिळवलं, आणि आठवड्याभरात नेव्हीकडून ३१-१३ असा सपाटून मार खाल्ला. दोन्ही वेळी आमच्या घरात रात्री उशिरापर्यंत कुणी झोपलं नाही.

कर्नल आता मुलीकडं अ‍ॅरिझोनात राहतात. खोकी माझ्याकडं आहेत, पेन्सिलही माझ्याकडं आली आहे. फोनवर ते विचारतात, मी वाचून दाखवते. गेल्या मोसमात पार्किंगच्या मैदानात शेगडीवर काही भाजत असताना एक उंच, सडसडीत माणूस जवळ येऊन थांबला, खांद्यावर तीनेक वर्षांची मुलगी. ओळखायला मला वेळ लागला, कारण मी त्याला पाहिलं होतं ते पन्नास-साठ पौंडांनी जाड असताना. २०१६ च्या पिढीतला लाइनमन. वजन सेवेत गेल्यावर उतरवलेलं, दोन ठिकाणी पोस्टिंग झालेलं, आता इथंच कॅडेटांना शिकवायला आलेला. मी खिशातली पुस्तिका काढून त्याच्या जुन्या नोंदीपुढं काय लिहायचं ते विचारलं. त्यानं ते सांगितलं, पण त्याला बोलायचं होतं दुसऱ्याच गोष्टीवर: २०२२ च्या नियमबदलावर. लाइनच्या बाहेरच्या पट्ट्यात कमरेखाली ब्लॉक करायला बंदी आली, त्यानं बाहेरून फेकायची चालच लंगडी झाली. म्हणून २०२३ मध्ये प्रशिक्षक जेफ मॉन्कन यांनी शॉटगनमधून, म्हणजे क्वार्टरबॅकला लाइनपासून मागं उभं करून, खेळून पाहिलं, आणि २०२४ मध्ये पुन्हा बरंचसं जुन्या वळणावर आले, ते बरं झालं की नाही? मी म्हटलं, बरं झालं. तो म्हणाला, अर्धंच बरं झालं. मुलीला खांद्यावरून उतरवून त्यानं कागदी थाळ्या मांडल्या: हा टॅकल, हा गार्ड, हा मोकळा सोडलेला माणूस. माझी मुलगी मध्ये पडली आणि तिनं एक थाळी सरकवली. तो म्हणाला, तिथं नाही, तिथं उभी राहिलीस तर तुझा गुडघा जाईल. ती म्हणाली, मग फुलबॅक कुठून शिरणार? वरून बँडचा आवाज येऊ लागला होता, शेवटची बस सुटायच्या बेतात होती, आणि दोघांपैकी एकही जण थाळ्या उचलू देईना.